लिहिलेला आंकडा आणि दिसणारा आंकडा

पुण्याहून मुंबईच्या रस्त्यानें निघालें कीं दापोडीचा पूल ओलांडतांच कारखान्यांचा मुलूख सुरू होतो. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी हीं गांवें एकामागून एक येतात. भोसरीवरून नाशिकच्या रस्त्याला लागलें तर पुढें चाकण लागतें. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना १९५४ सालीं निघाला, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ त स्थापन झालें, आणि एके काळीं कांद्याच्या बाजारासाठीं व संग्रामदुर्गासाठीं ओळखलें जाणारें चाकण आज मोटारींच्या कारखान्यांसाठीं ओळखलें जातें. पण ह्या मुलखाचा इतिहास सांगण्याचा आजचा हेतु नाहीं. ह्या सर्व कारखान्यांतून, मग तो लहान असो वा मोठा, जी एक वस्तु हटकून आढळते तिच्याविषयीं मला बोलावयाचें आहे. ती वस्तु म्हणजे कांटा.

वाफेचा किंवा हवेचा दाब दाखविणारें गोल घड्याळ आपण कोठें तरी पाहिलें असेल. कामगार त्याला ‘गेज’ म्हणतात. त्याची युक्ति यूजीन बूर्दाँ ह्या फ्रेंच यंत्रकारानें १८४९ त काढली. आंत एक चपटी, वांकविलेली, पोकळ नळी असते. दाब वाढला कीं ती नळी सरळ होऊं पाहते, आणि तिच्या टोकाला जोडलेल्या दांत्यांच्या योगानें कांटा फिरतो. म्हणजे दाब आणि कांटा ह्यांच्यामध्यें धातूचा सांधा आहे. हा कांटा कधीं अडकत नाहीं असें नाहीं; जुने फिटर कांचेवर बोटानें टिचकी मारून पाहतात, आणि अडकलेला कांटा जरा पुढें सरकतो. पण ह्या कांट्याजवळ दोन उत्तरें नसतात. जेथें तो उभा आहे तेंच त्याचें सांगणें.

आतां ह्या घड्याळांच्या जागीं पडदे येत चालले आहेत. पडद्यावर कांटा असतो, पण तो काढलेला असतो. कांटा नको असेल तर रंगीत पट्टी असते, ती कमीजास्त होते. ह्या काढलेल्या कांट्याजवळ मात्र दोन उत्तरें असूं शकतात, आणि पडद्याच्या कांचेवर टिचकी मारून कांहीं होत नाहीं. हीं दोन उत्तरें कोणतीं, तीं कोठें ठेवलेलीं असतात, त्यांतलें कोणतें वाचावें आणि कोणतें लिहावें, एवढाच आजचा विषय.

संगणकावर चित्र ठेवण्याच्या दोन रीति आहेत. एक फरशीसारखी: लहान लहान रंगीत तुकडे शेजारीं शेजारीं बसविले कीं दुरून मोर दिसतो. छायाचित्रें अशीं ठेवतात. दुसरी रीति आपल्या घरांतल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखी. शेजारच्या काकूंनीं रांगोळी विचारली तर आई ती काढून नेऊन देत नाहीं. ‘सात ठिपके, सात ओळी, अमका ठिपका तमक्याला जोड’ असें सांगते. दुसऱ्या रीतींत चित्र नसतेंच, चित्र काढण्याची आज्ञा असते: येथून आरंभ कर, इतका रुंद, इतका उंच चौकोन काढ, तो तांबडा रंगव. ह्या रीतीचा वेबवर चालणारा सर्वमान्य प्रकार म्हणजे ‘एसव्हीजी’. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ह्या संस्थेनें त्याची पहिली संहिता सप्टेंबर २००१ मध्यें प्रसिद्ध केली. आज्ञा शब्दांत व आंकड्यांत असल्यामुळें चित्र कितीहि मोठें केलें तरी फुटत नाहीं, आणि एकच आंकडा बदलला कीं चित्राचा तेवढाच भाग बदलतो. यंत्रांच्या पडद्यांना ही सोय फार मानवली.

चित्र हलवावयाचें असल्यास काय करावें? दादासाहेब फाळके ह्यांनीं १९१२ त वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली, तेव्हां त्यांना कुंडीपुढें कॅमेरा ठेवून एकेक चित्र निराळें घ्यावें लागलें. त्या फितींतील प्रत्येक चित्र स्वतंत्र आहे. तिसऱ्या चित्राला पहिल्याची आठवण नाहीं. एसव्हीजीमध्यें असें होत नाहीं. तेथें चौकोन एकच असतो, आणि त्याच्याजवळ एक सूचना चिकटविलेली असते: ‘ह्या चौकोनाची रुंदी दोन सेकंदांत शून्यापासून एकशें ऐंशींपर्यंत ने.’ सूचना चालू असतां रुंदी क्षणोक्षणीं बदलतांना दिसते. पण चौकोनाच्या आज्ञेंत जी रुंदी लिहिलेली आहे ती मात्र कोणी खोडीत नाहीं. तिला मूळ मूल्य म्हणूं या, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या रुंदीला चलित मूल्य. सूचना संपली कीं चित्र आपल्या मूळ मूल्यावर परत येतें. फक्त ‘संपल्यावर आहे तेथेंच गोठून राहा’ असें सूचनेंत लिहिलें असेल, तर चलित मूल्य सूचना संपल्यावरहि वर ठाण मांडून बसतें, आणि मूळ मूल्य त्याच्याखालीं झांकलेलें राहतें.

ह्या गोठण्यानें मला एकदां चांगलाच हिसका दाखविला. ती हकीकत सांगतों, कारण तीवरून विषय लवकर उलगडेल.

भोसरीच्या बाजूला एका लहान कारखान्यांत पोलादी पिना कठीण करण्याचें काम चाले. प्रथम पिना तापवून तेलांत बुडवितात; त्या फार कठीण होतात, पण ठिसूळहि होतात. म्हणून त्यांना पुन्हां मंद आंचेवर कांहीं वेळ ठेवावें लागतें. ह्याला टेंपरिंग म्हणतात. तेथें आंच १८० अंशांवर ठेवावयाची होती. ती वाढली तर पीन मऊ पडते. त्या भट्टीचा पडदा मीं तयार केला होता: एक आडवी पट्टी, शून्यापासून तीनशें अंशांपर्यंत, आणि तिच्याखालीं लहान अक्षरांत आंकडा. पडदा उघडतांच पट्टी डावीकडून उजवीकडे डौलानें वाढत जावी अशी माझी हौस. म्हणून मीं तिला सूचना चिकटविली: दोन सेकंदांत शून्यापासून एकशें ऐंशींपर्यंत जा, आणि तेथें गोठ. पुढें भट्टीकडून दर सेकंदाला येणारें तापमान पट्टीच्या रुंदींत लिहिण्याची व्यवस्था केली होती. दाखवून झालें, चहा झाला, मी घरीं गेलों.

कित्येक आठवडे कोणाला कांहीं वावगें दिसलें नाहीं. दिसणार तरी कसें? भट्टी एकशें ऐंशींवरच चाले, आणि पट्टी एकशें ऐंशींवर गोठलेली. एका नव्या ॲप्रेंटिसनें सकाळीं म्हटलें होतें कीं, भट्टी गार आहे तरी पट्टी भरलेली कशी दिसते. ‘मशीन आत्तां लावलें आहे, थांब जरा,’ असें त्याला उत्तर मिळालें. पुढें एका रात्रपाळीला भट्टीचा विजेचा कॉन्टॅक्टर चिकटला. तापमान दोनशें चाळीसपर्यंत चढलें. खालचा लहान आंकडा खरें तेंच सांगत होता. पण दहा पावलांवरून माणूस आंकडा वाचीत नाहीं, पट्टी पाहतो. आणि पट्टी शांतपणें एकशें ऐंशींवर होती. सकाळीं कठीणपणा तपासला तेव्हां सारा लॉट मऊ निघाला. रात्रपाळीच्या ऑपरेटरवर ठपका आला. तो पुनः पुन्हां सांगत होता, ‘साहेब, पट्टी हलली नाहीं हो.’

मला बोलाविलें. मीं माझ्या संगणकावरून त्या पट्टीला विचारलें, तुझी रुंदी किती? उत्तर आलें, दोनशें चाळीस. आणि मीं चार लोकांदेखत सांगितलें कीं, पडदा बरोबर आहे, पट्टी दोनशें चाळीसच दाखवीत होती. तो ऑपरेटर माझ्याकडे पाहतच राहिला. नंतर मीं मान वर करून भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलें. पट्टी एकशें ऐंशींवर होती. मीं विचारलें होतें मूळ मूल्य, आणि त्या माणसानें रात्रभर पाहिलें होतें चलित मूल्य. दोघांचेंहि खरें होतें. पण भट्टी राखण्याचें काम त्याचें होतें, आणि त्याच्या डोळ्यांपुढें चुकीचा आंकडा मीं ठेवला होता. तें मीं तेथल्या तेथें कबूल केलें, आणि त्याच्यावरचा ठपका काढून घेण्यांत आला. वाया गेलेल्या पिना मात्र परत आल्या नाहींत.

हें झालें कसें, तें कारखान्यांतल्या कुटुंबांना पगाराच्या भाषेंत लगेच कळेल. मूळ पगार सर्व्हिस बुकांत लिहिलेला असतो, आणि हातीं येणारी रक्कम निराळी असते. समजा, एखाद्या कारकुनाला दोन महिने वरच्या जागेवर बदली नेमलें, आणि त्या काळापुरता त्या जागेचा पगार त्याला ठरवून दिला. ह्याच दोन महिन्यांत त्याला स्वतःच्या जागेवर वार्षिक बढती मिळाली. ती बुकांत चढेल. पण हातीं येणाऱ्या पगारांत दिसणार नाहीं, कारण त्या पगारानें मूळ पगाराची जागाच घेतली आहे. बदलीची मुदत संपेल त्या दिवशीं ती बढती उजेडांत येईल. आणि मुदत कधींच संपली नाहीं तर? तर बुकांत वर्षांमागून वर्षें बढत्या चढत राहतील आणि बायको म्हणत राहील, ‘तुमचा पगार कांहीं वाढत नाहीं.’ माझ्या पट्टीचें हेंच झालें होतें. दर सेकंदाला तिच्या बुकांत नवा आंकडा चढत होता, आणि वरची गोठलेली सूचना मुदत सोडायला तयार नव्हती.

दुसरा प्रकार ठराविक वाहनभत्त्याचा. तो मूळ पगाराची जागा घेत नाहीं, त्यांत मिळविला जातो. मूळ पगार वाढला तर हातीं येणारी रक्कमहि तितकीच वाढते. एसव्हीजींत सूचनेला ‘ॲडिटिव्ह’ हें विशेषण लावून त्यापुढें ‘सम’ म्हटलें, तर ती अशी मिळवणीची सूचना होते. ‘रिप्लेस’ म्हटलें किंवा कांहींच म्हटलें नाहीं, तर सामान्यतः ती जागा बळकावते. (महागाई भत्त्याचा दाखला येथें चालणार नाहीं, कारण तो मूळ पगाराच्या प्रमाणांत मोजतात.) एकाच आंकड्यावर अनेक सूचना असल्या तर त्या एकावर एक थर देऊन बसतात, आणि जी मागाहून सुरू झाली ती वरच्या थरांत येते. सर्वांत वरची सूचना जागा बळकावणारी असेल तर खालचे सगळे थर फुकट. अगदीं तळाला, सर्वांच्या खालीं, मूळ मूल्य.

आतां वाचण्यालिहिण्याची रीत. चौकोनाच्या रुंदीचा जो कोणता शब्द आज्ञेंत लिहिला आहे, तो ‘गेट ॲट्रिब्यूट’नें जसाच्या तसा मिळतो, आणि ‘सेट ॲट्रिब्यूट’नें बदलतां येतो. ही दोन्ही कामें मूळ मूल्यावर होतात; चलित मूल्याला त्यांचा स्पर्शहि होत नाहीं. दुसरी रीत अशी कीं, रुंदीची एक वस्तु हातीं घ्यावयाची, आणि तिच्यांतील दोन कप्प्यांपैकीं एक उघडावयाचा. एका कप्प्याचें नांव ‘बेसव्हॅल’, दुसऱ्याचें ‘ॲनिमव्हॅल’. पहिल्यांत मूळ मूल्य आयत्या आंकड्यांत मिळतें, आणि त्यांत लिहिलें तर आज्ञेंतला शब्दहि बदलतो. दुसरा कप्पा फक्त वाचण्याचा. त्यांत लिहूं गेल्यास संगणक साफ नकार देतो. हें रास्तच आहे. हातीं आलेल्या पगाराच्या पाकिटावर खाडाखोड करून पगार वाढत नाहीं.

२००३ सालच्या संहितेप्रमाणें दुसऱ्या कप्प्यांत त्या क्षणाचें चलित मूल्य मिळावें असा नियम होता. पुढें नवी आवृत्ति तयार करतांना कर्त्यांचें मत पालटलें. २०१८ त निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या मसुद्यांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, ‘ॲनिमव्हॅल’ आतां चलित मूल्य दाखवीत नाहीं; तें ‘बेसव्हॅल’चेंच दुसरें नांव समजावें. म्हणजे कप्पे दोन, चाव्या दोन, आंतला आंकडा एक. माझ्या मतें कप्पाच काढून टाकला असता तर बरें झालें असतें. पण जुनी चित्रें मोडूं नयेत म्हणून तो ठेवला आहे. जुनीं पुस्तकें वाचून जो ह्या कप्प्यावर विसंबेल त्यानें आपला ब्राउझर कोणत्या नियमानें वागतो तें आधीं करून पाहावें. डोळ्यांना दिसणारा आंकडा खरोखर हवा असेल, तर रुंदी, उंची, रंग ह्यांसारख्या गुणांच्या बाबतींत ‘ह्या आकृतीला ह्या क्षणीं लागू असलेली शैली कोणती’ असें संगणकाला विचारण्याचा निराळा मार्ग आहे. तो सर्व थर जमेस धरून उत्तर देतो. त्या सकाळीं मीं हाच प्रश्न विचारावयास हवा होता.

चलनाचे हे नियम ‘स्माइल’ नांवाच्या, १९९८ सालच्या एका संहितेच्या घराण्यांतले आहेत. २०१५ त क्रोम ब्राउझरच्या कर्त्यांनीं ते मोडीत काढण्याचा मनोदय जाहीर केला होता. पुढें तो स्थगित झाला. तेव्हां ही विद्या टाकाऊ झाली असें समजूं नये.

एककांचीहि एक गंमत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आज्ञेंत रुंदी ‘पांच सेंटिमीटर’ अशी लिहिली असेल, तर ‘गेट ॲट्रिब्यूट’ पांच सेंटिमीटर हे शब्दच परत देईल. पण ‘बेसव्हॅल’मधला आंकडा वाचला तर जवळजवळ एकशें एकोणनव्वद मिळेल, कारण संगणकाच्या हिशेबीं इंचाचे शहाण्णव भाग, आणि म्हणून सेंटिमीटरचे सुमारें पावणेअडतीस. मूल्य एकच, मोजण्याचें माप निराळें. शेंकड्यांत लिहिलेल्या रुंदीचें तर विचारूंच नका. खिडकी लहानमोठी झाली कीं वाचलेला आंकडा बदलतो आणि लिहिलेला शब्द तसाच राहतो. असल्या ठिकाणीं आंकडा वाचून तोच परत लिहूं नये, एककासकट लिहावें. ‘क्लास’ म्हणजे आकृतीचा वर्ग सांगणारें नांव, त्यालाहि हे दोन कप्पे आहेत. नवशिका तेथें सरळ नांव मागतो आणि नांवाऐवजीं कप्प्यांची पेटीच हातीं पडल्यामुळें गोंधळतो.

हा सर्व प्रकार केवळ संगणकवाल्यांचा आहे असें आपणांस वाटत असेल, तर नव्या मोटारसायकलीची किल्ली फिरवून पाहा. पुष्कळ गाड्यांत वेगाचा कांटा आतां पडद्यावर काढलेला असतो. किल्ली फिरवितांच तो शून्यापासून शेवटच्या आंकड्यापर्यंत झर्रकन् जातो आणि परत येतो. गाडी जागच्या जागीं उभी आहे; तिचा वेग शून्य. तो शून्य कोठें तरी लिहिलेला आहे आणि कांट्यानें घेतलेली फेरी केवळ वरची शोभा आहे. प्रत्येक कंपनी तो कांटा एसव्हीजीनेंच काढते असें नव्हे. साधनें निरनिराळीं असतात. पण फेरी संपली कीं कांट्यानें लिहिलेल्या आंकड्यावर आलें पाहिजे, हें सर्वांना सारखेंच लागू. तेथें कोणी माझ्यासारखा ‘गोठून राहा’ लिहून बसला, तर काय होईल तें सांगावयास नको.

आतां त्या भट्टीकडे परत येतों. दुरुस्ती दहा मिनिटांची होती. सूचनेंतला गोठण्याचा शब्द काढला. नवें तापमान आलें कीं प्रथम तें मूळ मूल्यांत लिहावयाचें, आणि मगच जुन्या आंकड्यापासून नव्यापर्यंत पाव सेकंदाची लहानशी सूचना चालवावयाची, असा क्रम लावला. सूचना संपते त्या क्षणीं ती बाजूला होते, आणि खालीं तोच आंकडा आधींपासून बसलेला असल्यामुळें पट्टीला धक्का बसत नाहीं. मध्येंच सूचना चुकली, अडली, सुरूच झाली नाहीं, तरी उघडें पडतें तें खरें तापमान. पूर्वीं माझी शोभा वर होती आणि सत्य तिच्याखालीं; आतां शोभा पाव सेकंदाहून अधिक वर राहूं शकत नाहीं. पट्टीखालचा आंकडाहि चौपट मोठा केला.

तो ॲप्रेंटिस आतां पर्मनंट झाला आहे. सकाळची पाळी असली कीं तो भट्टी पेटविण्यापूर्वीं पडदा उघडतो आणि पट्टी तिसाच्या आसपास आहे कीं नाहीं तें पाहतो. भट्टी गार असतां पट्टी भरलेली दिसली, तर मला थेट फोन करण्याची त्याला मुभा आहे. आतांपर्यंत त्यानें दोनदां केला, आणि त्यांतला एक फोन खरा निघाला. तारेचें टोक सुटलें होतें.